जुन्या पद्मिनीचा पंखा आणि हरवलेलं श्राउड: पेण-रोह्यात ते शोधायचं कसं, बनवायचं कसं

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी नीट केली आहेत.)

जुन्या गाड्यांच्या कूलिंगवर बोलूया म्हटल्यावर रोह्याहून एक प्रश्न आला, आणि आजचा सगळा भाग त्यावरच आहे. प्रश्न असा: घरात वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. मोकळ्या रस्त्यावर झकास चालते. पण गणपतीच्या दिवसांत वडखळला गर्दीत अडकली की दहा मिनिटांत काटा लालकडे. रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट बदलला, तरी तेच. मेकॅनिक म्हणतो, पंख्याला श्राउड नाही. तर हे श्राउड म्हणजे काय, आणि आता ते मिळणार कुठे?

गॅरेजमध्ये याला कोणी काउलिंग म्हणतं, कोणी नुसतं फॅन कव्हर. रेडिएटरच्या मागच्या बाजूला बसणारी पत्र्याची किंवा प्लास्टिकची चौकट, मधे गोल भोक, आणि त्या भोकात पंखा फिरतो. एवढंच. दिसायला कव्हर, पण काम कव्हरचं नाही.

श्राउड नेमकं करतं काय?

थोडं गणित करू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही मोजा. समजा रेडिएटरची जाळी ४५ सेंमी रुंद आणि ४० सेंमी उंच आहे. क्षेत्रफळ १८०० चौरस सेंमी. पंख्याचा व्यास ३० सेंमी. पंखा ज्या गोलात फिरतो त्याचं क्षेत्रफळ साधारण ७०७ चौरस सेंमी. म्हणजे पंख्याच्या थेट समोर जाळीचा फक्त ३९ टक्के भाग येतो. उरलेल्या ६१ टक्क्यांमधून गरम पाणी फिरतंय, पण गाडी उभी असताना तिथून हवा जवळजवळ जात नाही.

दुसरी गोष्ट. हवा आळशी असते. पंख्याच्या मागे दाब जास्त, पुढे कमी. पात्याच्या टोकाशी उघडी जागा मिळाली की मागची गरम हवा तिथूनच वळून परत पुढे येते. जाळीतून घुसण्यापेक्षा ते सोपं. मग पंखा तीच ती हवा घुसळत बसतो. चुलीवर फुंकणी का वापरतो? नुसतं तोंडाने फुंकलं तर हवा पसरते, नळीतून फुंकलं की जिथे हवी तिथे जाते. इथे दिशा उलटी आहे, पंखा हवा ओढतो, पण तत्त्व तेच. श्राउड असलं की पंख्याला हवा घ्यायला एकच वाट उरते: पूर्ण जाळीतून.

आता मोकळ्या रस्त्यावर त्रास का होत नाही तेही कळेल. ताशी ५०-६० किलोमीटरला समोरून येणारा वारा स्वतःच जाळीतून घुसतो, पंख्याचं काम थोडंच उरतं. नागोठण्यावरून भिसे खिंडीतून रोह्याकडे जाताना वेग असतो तोवर ठीक. वडखळला रांगेत उभं राहिलं की सगळा भार पंख्यावर.

आधी खात्री करा

श्राउड बनवण्याआधी दुखणं तेच आहे का ते बघा. गाडी पळताना गरम होत असेल तर श्राउडने काही होणार नाही. तिथे जाळी आतून चोक झालेली असते, किंवा खालचा होज ओढला जाऊन चपटा होतो, किंवा इग्निशन टायमिंग चुकलेलं असतं. फक्त उभी असताना गरम होत असेल, तर पंख्याचा बेल्ट ढिला नाही ना, पाती उलटी बसवलेली नाहीत ना, हे बघा.

मग कागदाची चाचणी. इंजिन गरम, आयडलवर. रेडिएटरच्या पुढच्या बाजूने वहीचा कागद जाळीला लावा. मधे चिकटेल. आता चारही कोपऱ्यांत लावून बघा. मधे चिकटतो आणि कोपऱ्यांत गळून पडतो, तर श्राउडची गरज आहे. पंख्याच्या बाजूला हात नेऊ नका. सैल बाही, ओढणी, गळ्यातली चेन, सगळं लांब.

आणि हे टाळू नका. पद्मिनीचं मूळ म्हणजे फियाट ११००. १०८९ सीसीचं इंजिन, ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचं. जास्त तापलं की हेड वाकतं, गॅस्केट जातं, पाणी ऑइलमध्ये. पत्र्याच्या एका चौकटीसाठी हेड गमावण्यात अर्थ नाही, कारण चांगलं हेड शोधणं वर्षागणिक अवघड होतंय.

शोधायचं कुठे?

पद्मिनी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावर अधिकृतपणे नाही. टॅक्सी होत्या तोवर पार्ट बनवणाऱ्यांना गिऱ्हाईक होतं. आता उरलेत आपल्यासारखे हौशी लोक. म्हणून भंगारात काही दिसलं तर लगेच घ्या, पुढच्या वेळी असेलच असं नाही.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या दुकानांत चक्कर मारताना नुसतं नाव सांगू नका, मापं घेऊन जा. जाळीची रुंदी-उंची, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, पंख्याचा व्यास, पंख्याचा मध्य जाळीच्या वरच्या कडेपासून किती खाली आहे, आणि जाळी ते पात्याची पुढची कड हे अंतर. ही पाच मापं जुळली तर दुसऱ्या गाडीचं श्राउडही कापून-जोडून बसतं.

काही जण म्हणतात, मारुती ८०० चा इलेक्ट्रिक पंखा कव्हरसकट लावून टाक. होतं, पण थांबा. असा पंखा साधारण ७ ते १० अँपिअर खातो. गाडीत अजून जुना डायनॅमो असेल तर तो आयडलवर फारच कमी करंट देतो, आणि पंखा लागतो नेमका आयडलवरच. रात्री, हेडलाइट चालू, गर्दीत उभे: बॅटरी बसणार. अल्टरनेटर असेल, रिले आणि फ्यूज नीट लावणार असाल, तरच या वाटेला जा.

पत्र्याचं श्राउड

बहुतेकांसाठी हाच मार्ग. रोह्याला धाटाव एमआयडीसी आहे, त्यामुळे फॅब्रिकेशनचं काम करणारे हात तालुक्यात आहेत. पण त्यांच्याकडे पुठ्ठ्याचा साचा घेऊन जा. "असं काहीतरी बनवून द्या" म्हणून जाऊ नका.

पंखा आणि बेल्ट काढून पुठ्ठा रेडिएटरच्या मागच्या चौकटीवर धरा, कडा आणि भोकं आखा, पंख्याचा मध्य नोंदवा. आता तीन नियम.

एक, पात्याच्या टोकापासून रिंगपर्यंत चारही बाजूंनी किमान २० मिमी मोकळी जागा. रेडिएटर बॉडीला पक्का आहे, पण इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं. क्लच सोडताना, खड्ड्यात, पंखा जागचा सरकतो. जागा कमी ठेवली तर पातं रिंगला घासणार. माउंटिंग जुनी असतील तर आधी ती बदला.

दोन, पात्याची साधारण अर्धी रुंदी रिंगच्या आत, अर्धी बाहेर. पूर्ण आत ठेवलं की हवेला बाहेर पडायला अडथळा, पूर्ण बाहेर ठेवलं की श्राउडचा उपयोग कमी.

तीन, चौकट जाळीला चपटी चिकटवू नका. जाळी आणि श्राउडची पाठ यात पोकळी हवी, तरच कोपऱ्यांतली हवा मधे येते. जागा असेल तितकी खोली द्या.

रिंगच्या पट्टीचं माप: पंखा ३०० मिमी, दोन्ही बाजूंना २० धरून व्यास ३४० मिमी. त्याला ३.१४ ने गुणा, १०६८ मिमी. जोडासाठी २५ मिमी वाढवा, म्हणजे १०९३ मिमीची पट्टी कापा. पत्रा २० गेजचा पुरतो. शक्य असेल तर श्राउड वरचा-खालचा असं दोन भागांत करा, म्हणजे पुढे बेल्ट बदलताना मेकॅनिक ते काढून कोपऱ्यात ठेवणार नाही. किती गाड्यांची श्राउडं अशीच हरवली असतील!

खाली पाणी निथळायला दोन भोकं, कडेला रबर बीडिंग, आणि चौकट व जाळी यांच्यात फोमची पट्टी. फट राहिली की हवा तिथून चोरवाटेने येते. कोकणातल्या दमट हवेत रेड ऑक्साइड आणि वर काळा रंग हवाच. बोल्ट रेडिएटरच्या बाजूच्या पट्ट्यांनाच. जाळीतून स्क्रू आरपार घालू नका.

फायबरचं श्राउड, आणि पेणची विद्या

पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात गणपतीचे कारखाने घरोघरी. तिथलं मूळ तंत्र म्हणजे साचा: आधी एक मॉडेल, त्यावरून साचा, साच्यातून हव्या तेवढ्या मूर्ती. श्राउडला हेच लागू पडतं. प्लास्टरचं किंवा प्लायचं मॉडेल करा, सील करा, वॅक्स लावा, त्यावर फायबरची मॅट आणि रेझिन. ४५० ग्रॅमच्या मॅटचे तीन थर म्हणजे साधारण ३ मिमी जाडी.

दोन सूचना. साधं पॉलिस्टर रेझिन रेडिएटरमागच्या उष्णतेत मऊ पडू शकतं, म्हणून आयसोफ्थॅलिक किंवा व्हिनाइल एस्टर मागा. आणि मॉडेल थर्माकोलचं करू नका, पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरीन ते विरघळवून टाकतं. हार्डनर आणि कोबाल्ट कधीही थेट एकमेकांत ओतू नका, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं, हार्डनर शेवटी. चष्मा, हातमोजे, उघडी जागा.

माझ्या धंद्यातले मित्र लगेच विचारतात, थ्रीडी प्रिंट का नाही? पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, बॉनेटखाली टिकणार नाही. पण प्रिंट मॉडेल म्हणून वापरा आणि त्यावरून फायबर काढा. तो प्रिंट म्हणजे तुमचा साचा. एकाने केला की दहा जणांचं काम होतं.

कागदपत्रांचं काय?

२०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. चॅसिस, बॉडी शेल, इंजिन यांत मोठे बदल चालत नाहीत. बोल्टने लावलेलं, काढता येणारं श्राउड बॉडीला हात लावत नाही. म्हणून नवी भोकं पाडू नका, जुनीच वापरा.

थोडक्यात

आधी बेल्ट आणि कागदाची चाचणी, यात खर्च काहीच नाही. मग पुठ्ठ्याचा साचा. तोच घेऊन आधी भंगारात शोधा, नाही मिळालं तर पत्रा, आणि चार-पाच जणांना हवं असेल तर फायबर. बसवल्यावर इंजिन बंद ठेवून पंखा हाताने पूर्ण फिरवा, कुठे घासत नाही ना बघा. मग घरासमोरच गाडी वीस मिनिटं आयडलवर ठेवून काटा बघा, आणि कागद परत कोपऱ्यांत लावा. आता तिथेही चिकटला पाहिजे.

आणि काटा कितीही वर गेला तरी गरम रेडिएटरची कॅप उघडायची नाही. इंजिन बंद, बॉनेट उघडं, अर्धा तास चहा.

कोणाकडे पद्मिनीच्या श्राउडची पक्की मापं असतील तर पाठवा, पुढच्या भागात सगळ्यांसाठी वाचून दाखवतो. भेटूया!