वासाने किडे पळतात, पण किती?

वर्षाचं धान्य भरायचे दिवस आले, की घरोघरी कडुनिंबाचा पाला, वेखंड, लवंगा यांची आठवण होते. या वासाच्या उपायांबद्दलच आज आपण बोलू या. कोणता कुठवर चालतो आणि कोणता लेकराच्या जिवावर बेतू शकतो, ते पाहू.

आधी धान्य. पाला घालायचा तर सावलीत खडखडीत वाळवून घाला. ओल्या पाल्याने दमटपणा वाढतो, बुरशी धरते. पाल्याच्या उग्र वासाने बाहेरचा किडा यायला कचरतो, हे खरं. पण सोंडकिडा दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि भोक बुजवून टाकतो. आतल्या अळीला पाल्याचा वास काय करणार? म्हणून खरी भिस्त उन्हावर. धान्य दोन-तीन दिवस कडक उन्हात तापवा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. मग पूर्ण गार करून, चाळून कोरड्या कोठीत भरा. गरम धान्य कोंडलं तर आत पाणी सुटतं. जुन्या धान्याचा तळ नव्यात मिसळू नका, किडे तिथूनच चढतात.

मुंग्या एकमेकींनी सोडलेल्या वासाच्या वाटेने चालतात. ती वाट साबणाच्या पाण्याने पुसून टाका, रांग मोडते. झुरळांचं मात्र तसं नाही. वासाने ती फक्त कोपरा बदलतात. रात्री खरकटं आणि मोरीतला ओलावा ठेवला नाही, तर त्यांचं बस्तान बसत नाही.

आता जिवाची गोष्ट. कापूर देवघरात असतो, म्हणून तो निर्धोक वाटतो. पण लहान मुलाने थोडासा खाल्ला तरी झटके येऊ शकतात. डांबरगोळी तर पेपरमिंटसारखी दिसते. ती पोटात गेली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. काही बाळांमध्ये जन्मतःच एक कमतरता असते. अशा बाळांना डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यांमुळेसुद्धा कावीळ होऊ शकते. बाळंतिणीच्या घरी ते कपडे धुऊन, उन्हात वाळवूनच वापरा. खरं तर बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवूच नका.

आणि धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड, घरात आणूच नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून विषारी वायू निघतो. बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावतात.

मुलाने काही गिळलं, तर ओकारी काढू नका, मिठाचं पाणी पाजू नका. 108 ला फोन लावा आणि गोळ्यांचं पाकीट सोबत घेऊन दवाखाना गाठा.

तर मैत्रिणींनो, आज एवढं नक्की करा: कापूर आणि डांबरगोळ्या मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंच फडताळात कुलपात ठेवा.