गणवेश आणि मूलभूत हक्क

मी शाळेत सामाजिक शास्त्रे शिकवतो. मूलभूत हक्कांचा धडा संपत आला की कुठला ना कुठला कॅडेट विचारतोच, "सर, बोलण्याचे आणि संघटना करण्याचे स्वातंत्र्य सगळ्यांना आहे, तर फौजेतल्या माणसाला का नाही? तो नागरिक नसतो का?" प्रश्न रास्त आहे, आणि तासाच्या उरलेल्या पाच मिनिटांत आटोपण्यासारखा नाही. तुमच्यापैकी अनेक जण एनडीएचा अर्ज भरतील. आपण काय स्वीकारतो आहोत आणि कशावर पाणी सोडतो आहोत, हे अर्ज भरण्याआधी तुम्हाला आणि तुमच्या पालकांना ठाऊक असायला हवे. म्हणून हे लेखन.

पहिली गोष्ट अशी की अमर्याद हक्क आपल्या संविधानाने कुणालाच दिलेला नाही. अनुच्छेद १९ च्या पहिल्या खंडात भाषण, सभा, संघटना, संचार, वास्तव्य आणि व्यवसाय ही स्वातंत्र्ये आहेत. लगेच पुढच्या खंडांत त्यांवरचे निर्बंध आहेत. अपवादांनी हक्क गिळून टाकले, अशी टीका संविधान सभेच्या काळातही झाली होती. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी तिला उत्तर दिले. टीकाकार अमेरिकेचा दाखला देत होते. तिथलेही मूलभूत हक्क निरंकुश नाहीत, हे बाबासाहेबांनी तिथल्याच न्यायनिर्णयाच्या आधारे दाखवले. तिथे मर्यादा न्यायालयांनी घातल्या, आपण त्या संविधानातच लिहून ठेवल्या, एवढाच फरक.

मात्र निर्बंध 'वाजवी' असला पाहिजे. भाषणस्वातंत्र्याच्या निर्बंधांत हा शब्द सुरुवातीला नव्हता. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्थेसारखी नवी कारणे घातली आणि त्यांच्या जोडीला 'वाजवी' हा शब्दही आणला. सरकारचा निर्बंध तपासताना न्यायालय आजही याच शब्दावर बोट ठेवते.

आता सैनिकाकडे वळू. त्याच्यासाठी अनुच्छेद ३३ आहे. सशस्त्र दलांतील व्यक्तींना मूलभूत हक्क किती प्रमाणात लागू राहतील, हे ठरवण्याचा अधिकार हा अनुच्छेद संसदेला देतो. पोलिसांसारखी सुव्यवस्था राखणारी दलेही त्यात येतात आणि १९८४ च्या दुरुस्तीनंतर गुप्तवार्ता संघटनाही. यातल्या दोन अटी नीट लक्षात ठेवा. हे काम संसदेनेच, कायदा करून करायचे. राज्यांच्या विधिमंडळांना तो अधिकार नाही. आणि हेतू दोनच: कर्तव्य नीट पार पडावे आणि शिस्त टिकावी.

आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम २१ ने तीन बाबींवर निर्बंध घालण्याची मुभा दिली आहे: कामगार संघटना किंवा राजकीय संघटनेचे सदस्यत्व, सभा व निदर्शनांतला सहभाग आणि वृत्तपत्रांशी संपर्क. कारण उघड आहे. सैनिकाच्या हातात शस्त्र असते. शस्त्रधारी माणूस एखाद्या पक्षाच्या व्यासपीठावर उभा राहिला, तर समोरच्या निःशस्त्र नागरिकाचे स्वातंत्र्य कागदावरच उरेल. सैनिकाच्या मौनामुळे नागरिकाला मोकळेपणी बोलता येते. सैनिकाचे मत मात्र कुणी काढून घेतलेले नाही. टपाली मतपत्रिकेने तो मतदान करतो. प्रचार तेवढा करू शकत नाही.

ही मर्यादा किती दूर जाते? संरक्षण आस्थापनांतल्या स्वयंपाकी, चौकीदार, न्हावी अशा मुलकी कर्मचाऱ्यांनी संघटना करण्याचा हक्क मागितला, तेव्हा १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. त्यांचे काम सैन्याच्या कामाशी इतके जोडलेले आहे की अनुच्छेद ३३ त्यांनाही लागू होतो, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

अलीकडचे उदाहरण तुमच्या जास्त जवळचे आहे. २०२० मध्ये सैन्याने फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप काढून टाकण्याचा आदेश दिला. एका अधिकाऱ्याने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. हक्क आकसण्याचा अधिकार संसदेचा आहे, सैन्याच्या मुख्यालयाचा नाही, हा त्याच्या याचिकेतला एक मुद्दा होता. सुरक्षेचे कारण मान्य करून न्यायालयाने याचिका फेटाळली. मला निकाल पटतो, पण त्या मुद्द्याचे वजनही जाणवते. दूरच्या चौकीवरच्या जवानाला मुलाचा फोटो ज्या खिडकीतून दिसायचा, त्यातली एक खिडकी त्या आदेशाने बंद झाली. ही किंमत खरी आहे. ती मोजल्याशिवाय तोल साधला असे म्हणता येत नाही.

दुसऱ्या पारड्यातही निकाल आहेत. सैन्यात दाखल झाल्याने माणूस नागरिक राहत नाही असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितले. त्या खटल्यात अधिकाऱ्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या, पण कोर्ट मार्शलच्या निकालावर अपिलाची सोय नसणे ही मोठी उणीव आहे, असेही न्यायालयाने नोंदवले. पुढे २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आले. फेब्रुवारी २०२० मध्ये महिला अधिकाऱ्यांच्या स्थायी कमिशनचा निकाल लागला. शारीरिक क्षमता आणि कौटुंबिक जबाबदाऱ्या ही सरकारने दिलेली कारणे न्यायालयाने मानली नाहीत. कर्तव्य आणि शिस्त यांसाठी लागेल तेवढाच निर्बंध अनुच्छेद ३३ खाली घालता येतो, हेही स्पष्ट झाले. २०२१ च्या अंतरिम आदेशाने एनडीएचे दार मुलींना उघडले आणि मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून पहिल्या १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. 'शिस्त' हा शब्द उच्चारला की वाद संपला, असे होत नाही.

म्हणून कुठलाही निर्बंध समोर आला की मी विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारायला सांगतो. तो घालणाऱ्याला तसा अधिकार आहे का? हेतू योग्य आहे का? या उपायाने तो हेतू खरोखर साधतो का? आणि याहून सौम्य उपाय उपलब्ध होता का?

तुम्ही कॅडेट म्हणवता, पण शाळेत असेपर्यंत आर्मी ॲक्ट तुम्हाला लागू नाही. मोबाइल जमा करण्याचा किंवा दिवे मालवण्याचा नियम अनुच्छेद ३३ मधून आलेला नाही. तो शाळेचा आहे आणि पालकांनी प्रवेशाच्या वेळी मान्य केलेला आहे. हे चार प्रश्न त्यालाही लावून पाहा. नियम पाळत असतानाच हा विचार करता येतो. आणि एखादे उत्तर 'नाही' असे आले, तर ते रीतसर अर्जात लिहून हाउसमास्तरांकडे द्या. आर्मी ॲक्टनेही गाऱ्हाणे असलेल्या सैनिकाला वरिष्ठांकडे दाद मागण्याची वाट ठेवली आहे.