सनदी इंजिनियरांची अभ्यासवही

पदवी हातीं पडली म्हणजे विद्या संपली, अशी समजूत आपल्या घरांतून अजून पुष्कळ दृढ आहे. मुलगा इंजिनियर झाला, अमेरिकेस गेला, तेथें त्यास सनद मिळाली, कीं आईबापांच्या मतें त्याच्या शिक्षणाचें उद्यापन झालें. तिकडील कायद्याचें मत मात्र निराळें आहे. सनद कायम राखावयाची तर ठराविक मुदतींत अमुक तास नवें शिक्षण घेतलेंच पाहिजे, आणि त्याचा हिशेब ज्याचा त्यानें ठेविला पाहिजे, असा तेथील बहुतेक राज्यांचा नियम आहे. ज्या घरांतील मुलें-मुली तिकडे या व्यवसायांत आहेत, त्यांस या हिशेबाची माहिती असावी, म्हणून हा लेख.

ही सनद मुळांत आली कोठून तें पाहिलें असतां नियमाचा हेतु स्पष्ट होतो. इंजिनियरास सनद देण्याचा पहिला कायदा वायोमिंग राज्यानें १९०७ सालीं केला. त्या कोरड्या मुलखांत पाटाच्या पाण्यासाठीं सरकारकडे अर्ज येत. त्यांस जोडावयाचे नकाशे वकिलासारखे भलतेच लोक काढीत व खालीं इंजिनियर म्हणून सही करीत. पाणी कोणाचें व किती, यावरच शेतकऱ्याचें जिणें. म्हणून सही कोणीं करावी हें कायद्यानें ठरविलें. टेक्सस राज्यास हें शहाणपण एका अनर्थानंतर सुचलें. तेथील न्यू लंडन गांवच्या शाळेंत १८ मार्च १९३७ रोजीं इमारतीखालच्या पोकळींत सांचलेल्या वायूचा स्फोट होऊन सुमारें तीनशें जीव गेले, त्यांत बहुतेक मुलें. त्याच वर्षीं तेथें सनदेचा कायदा झाला. शाळेंत आयुष्य काढलेल्या आम्हांस हा प्रसंग वाचल्यावर सनदेचें महत्त्व निराळें समजावून घ्यावें लागलें नाहीं.

परंतु एकदां परीक्षा उतरलेला मनुष्य पुढें तीस-चाळीस वर्षें सही करीत राहतो. तेवढ्या अवधींत बांधकामाचे नियम बदलतात, जिन्नस बदलतात, गणिताचीं साधनें बदलतात. म्हणून सनद देऊन कायद्याचें काम अर्धेंच होतें; उरलेल्या अर्ध्यासाठीं हे तास आहेत.

त्यांचें मान राज्यागणिक वेगळें आहे. टेक्ससमध्यें वर्षाला १५ तास, त्यांपैकीं एक व्यावसायिक नीतीचा. फ्लॉरिडामध्यें दोन वर्षांत १८. त्यांत एक नीतीचा, एक तेथील कायदेनियमांचा व चार आपल्या प्रत्यक्ष कामाच्या विषयाचे. न्यूयॉर्कमध्यें तीन वर्षांत ३६. कॅलिफोर्नियानें मात्र तासांची अट घातलेलीच नाहीं. एकाच इंजिनियराजवळ तीन-चार राज्यांच्या सनदा असल्या, म्हणजे प्रत्येकीची मुदत व वांटणी निराळी, आणि हिशेब गुंतागुंतीचा होतो.

तास कशास म्हणावें, यासही नियम आहे. परीक्षक मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेनें आदर्श नियम घालून दिले आहेत. त्यांप्रमाणें विद्यापीठांतील सहामाही अभ्यासक्रमाचा एक श्रेयांक ४५ तासांबरोबर धरितात. पेटंट मिळाल्यास १० तास. आणि आमच्यासारख्या पंतोजींस विशेष वाटावें असें कलम म्हणजे, एखादा विषय प्रथमच शिकविल्यास त्याचे तास दुप्पट धरितात. तोच पुन्हां शिकविल्यास कांहीं नाहीं, व पूर्ण वेळ प्राध्यापकी करणारास ही सवलतच नाहीं. हें कलम लिहिणारानें कधीं तरी फळ्यापुढें उभें राहून पाहिलें असलें पाहिजे!

हा हिशेब मुख्यतः इंजिनियरानें स्वतः ठेवावयाचा. टेक्ससमध्यें सनद नवी करितांना आवश्यक तास पुरे केल्याचें तो लिहून देतो व मंडळ विश्वास ठेवितें. मात्र कांहीं जणांस निवडून त्यांचे कागद मागवितें. यासाठीं तीन वर्षांचे कागद जपावे लागतात. नोंदींत तारीख, विषय, संस्था, ठिकाण, व्याख्यात्याचें नांव व तास हें सर्व असावें, आणि सोबत प्रमाणपत्र. वर सांगितलेल्या परिषदेनें संगणकावर विनामूल्य खात्याची सोय केली आहे. तेथें नोंद केली म्हणजे कोणत्या राज्याचे किती तास भरले हें कळतें.

आमचा एक जुना विद्यार्थी टेक्ससमध्यें पुलांचीं कामें करितो. त्यास अशी तपासणीची सूचना आली. व्याख्यानें त्यानें खरोखरच ऐकलीं होतीं. पण कांहीं प्रमाणपत्रें जुन्या कचेरीच्या ईमेलांत राहिलीं होतीं, आणि नोकरी सुटतांच तें दार बंद झालें होतें. कोणा स्नेह्यानें सुचविलें कीं, घरबसल्या चार पाठ उरकून मागल्या तारखा घालाव्या. त्यानें तें केलें नाहीं. संस्थांस लिहून मिळाल्या तेवढ्या नकला आणविल्या; ज्या चार तासांस पुरावा मिळेना, ते आपण होऊन वगळले व मंडळास तसें कळविलें. आदल्या वर्षाचे जादा तास पुढें धरण्याची मुभा तेथें आहे, १४ तासांपर्यंत. त्यांतून उणीव भरून निघाली. तरी तो महिना त्यास झोंप नव्हती.

तास भरले म्हणजे विद्या आली असें नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. बाकावर बसलेला प्रत्येक मुलगा वर्गांत असतोच असें नाहीं, हें आम्हांस हजेरीपटानें केव्हांच शिकविलें. तथापि त्यासाठीं कोणत्याही शाळेनें हजेरीपट फाडून टाकिला नाहीं. तैत्तिरीय उपनिषदांत शिक्षण पुरें करून घरीं निघालेल्या शिष्यास आचार्य सत्य व धर्म सांगतात, आणि लागलीच स्वाध्याय. सत्य आणि स्वाध्याय हीं जवळजवळ कां ठेविलीं, तें या अभ्यासवहींत दिसतें: शिकलों असें लिहावयाचें तर खरेंच शिकलेलें असलें पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रांत डॉक्टरांसही नोंदणी राखण्यासाठीं पांच वर्षांत ३० श्रेयांक मिळवावे लागतात. तेव्हां हा विषय समुद्रापलीकडचाच आहे असें नाहीं. अशा मुलामुलींस आमचें सांगणें एवढेंच कीं, नोंद त्याच दिवशीं करावी, प्रमाणपत्राची प्रत कचेरींत न ठेवितां स्वतःजवळ ठेवावी, आणि तास निवडतांना स्वस्त कोणता यापेक्षां आपल्याला न येणारा विषय कोणता हें आधीं पाहावें.