भिंतीची ओल आणि विजेची पेटी

वैनगंगा व चुलबंद या नद्यांच्या काठचा लाखांदूर तालुका धानाचा. येथे तळघरे क्वचितच. परंतु तळघराच्या ओल्या भिंतीवर विजेची पेटी बसविताना जो प्रश्न उद्भवतो, तोच येथील बांधावरच्या मोटारघरात उभा राहतो. काँक्रीट वरून कोरडे दिसले तरी ते सच्छिद्र असते. जमिनीतली ओल त्यातून वर चढते. लोखंडी पेटी भिंतीला थेट चिकटविली की तिची पाठ गंजते, आत दव धरते, जोड खराब होऊन तापू लागतात.

उपाय मुळीच खर्चिक नाही. भिंतीवर दोन पट्ट्या ठोकून पेटी त्यांवर बसवावी, मागे बोटभर हवा खेळू द्यावी. वायरी खालून आत घ्याव्यात, म्हणजे त्यांवरून ओघळणारे पाणी पेटीत उतरत नाही. पण कमीत कमी दराच्या कंत्राटात पेटीची पाठ पाहतो कोण?

उंचीचा प्रश्न याहून गंभीर. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत तळमजल्यांवरचे मीटर बुडाले. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेने भंडारा जिल्ह्याला वेढले. भिंतीवर पुराची रेघ उमटलेली असते, तिच्या वर पेटी चढविण्यास कोणता शासननिर्णय हवा? पूर ओसरताच ओल्या हाताने पहिला खटका दाबतो तो शेतकरी. गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे साधन त्या पेटीत असावे, आणि पेटी सुकवून तपासल्याविना मोटारघराचा पुरवठा सुरू करू नये, एवढी मागणी अवाजवी ठरू नये.