'५०२ बॅड गेटवे' दिसलं, तर बिघाड नेमका कुठे असतो?

अर्ज भरायचा शेवटचा दिवस आणि स्क्रीनवर '५०२ बॅड गेटवे'. अनेक जण आधी घरचा राउटर बंद-चालू करतात. त्याचा सहसा उपयोग नसतो, कारण हा संदेशच समोरच्या सर्व्हरकडून आलेला असतो.

मोठ्या वेबसाइटच्या दारात बहुतेकदा रिव्हर्स प्रॉक्सी असते. इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये खुलं केलेलं 'इंजिन-एक्स' हे सॉफ्टवेअर त्यासाठी जगभर वापरलं जातं. ते तुमची विनंती मागच्या अ‍ॅपकडे पोहोचवतं आणि उत्तर परत आणतं. मागून कुणी दादच दिली नाही किंवा भलतंच उत्तर आलं, तर ५०२. वाट पाहून वेळ संपली, तर ५०४. इंजिन-एक्समध्ये ही मुदत मुळात ६० सेकंदांची असते.

पैसे भरताना हा फरक महत्त्वाचा. ५०४ आलं तरी मागे काम पूर्ण झालेलं असू शकतं. पुन्हा पैसे पाठवण्याआधी बँक खातं तपासलेलं बरं.

साइट सांभाळणाऱ्यांनी मुदत वाढवायची घाई करू नये. त्याने दुखणं फक्त झाकलं जातं. आधी एरर लॉग वाचावा. तिथे 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असेल, तर अ‍ॅप बंद आहे किंवा पोर्ट चुकलाय: अ‍ॅप ३००० वर, प्रॉक्सी शोधतेय ८०८० वर. डॉकरमध्ये आणखी एक गंमत. कंटेनरमधल्या प्रॉक्सीसाठी 'लोकलहोस्ट' म्हणजे तो कंटेनरच. शेजारच्या अ‍ॅपला त्याच्या सर्व्हिसच्या नावानेच हाक मारावी लागते.

बदलानंतर कॉन्फिगरेशन तपासायची कमांड चालवावी, मग रीलोड. पण ती मुख्यतः लिखाणातल्या चुका पकडते. चुकीचा पोर्ट तिला बरोबरच वाटतो.