नाक चोंदले की मान पुढे येते

तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाची मान बरेचदा पुढे आलेली दिसते. ओठ उघडे, हनुवटी किंचित वर, खांदे गोलावलेले. पोक काढतो म्हणून त्याला सतत टोकले जाते. पण हा पवित्रा हवेची वाट मोकळी ठेवण्यासाठी शरीराने घेतलेला असतो.

नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला अ‍ॅडेनॉइड नावाचे ऊतक असते. ३ ते ७ वर्षांच्या वयात ते वाढून नाकाची मागची वाट अडवू शकते. पुढे ते आक्रसते. कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर यांनी १८६८ मध्ये या विकाराचे वर्णन केले. अ‍ॅलर्जीची सर्दी हे नाक चोंदण्याचे दुसरे नेहमीचे कारण.

तोंड उघडे राहिले की खालचा जबडा खाली-मागे सरकतो, जीभ टाळू सोडते आणि घशातली वाट अरुंद होते. डोके मागे कलवून हनुवटी उचलली की ती रुंदावते. बेशुद्ध माणसाला प्रथमोपचार देताना हेच करतात. मात्र मुलाला समोर पाहायचे असते. त्यामुळे मानेचा वरचा भाग मागे वाकतो, खालचा पुढे झुकतो आणि डोक्याचा भार मानेमागच्या स्नायूंवर येतो.

स्वीडनचे स्टेन लिंडर-अ‍ॅरॉन्सन यांच्या अभ्यासात अ‍ॅडेनॉइड काढल्यावर, नाकाने श्वास सुरू झालेल्या मुलांचे मागे कललेले डोके काहीसे सरळ झाले. सोलो आणि क्रायबॉर्ग या संशोधकांनी १९७७ मध्ये पुढची कडी सुचवली: डोके मागे कलले की चेहऱ्याची त्वचा व स्नायू ताणले जातात, तो ताण जबड्याच्या वाढीला वळण देतो. चेहरा लांबट, टाळू अरुंद, दात वेडेवाकडे, हे चित्र अशा मुलांत आढळते. तरी सगळा दोष श्वासावर टाकणे चूक ठरेल. जबड्याची ठेवण आनुवंशिकही असते आणि मान मोबाइलवर वाकूनही पुढे येते.

म्हणूनच ‘ताठ बस’ म्हणण्याआधी नाक तपासावे. मूल रोज घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यायला उशीर करू नये. कारणानुसार अ‍ॅलर्जीवर नाकातला फवारा, अ‍ॅडेनॉइडची शस्त्रक्रिया किंवा अरुंद टाळू रुंदावणारे दंत-उपकरण यांपैकी उपाय ठरतो. वाट मोकळी झाल्यावरही तोंड उघडे ठेवण्याची सवय काही मुलांत उरते. तेव्हा ओठ मिटण्याचे आणि मानेचे व्यायाम कामी येतात. नाक चोंदलेले असताना ओठांवर चिकटपट्टी लावणे मात्र धोक्याचे आहे.