खानावळ ते उपाहारगृह : गिरणगावातील जेवणाचा हिशेब

मुंबईत हौसेने बाहेर जेवायला जाणाऱ्या तरुण मंडळींच्या तोंडी आज लोअर परळचे नाव असते. फिनिक्स मिल, कमला मिल ही नावे त्यांच्या लेखी उपाहारगृहांचे पत्ते आहेत. कमला मिलच्या आवारात २०१५ साली ‘द बॉम्बे कॅन्टीन’ सुरू झाले. पुढच्याच वर्षी महालक्ष्मीजवळच्या लक्ष्मी वुलन मिलमध्ये ‘मास्क’ आले. तेथे एकामागून एक येणाऱ्या अनेक पदार्थांचे ठरीव जेवण असते आणि जागा आधीच राखून ठेवावी लागते.

याच परिसरात पूर्वी आपल्या भागातील माणसे जेवत असत. गगनबावड्यासारख्या अतिपावसाच्या, तुटपुंज्या शेतीच्या डोंगरी मुलखातून घरचा कर्ता पुरुष मुंबईला जाई, गिरणीत लागे, चाळीतील एका खोलीत दहा-वीस जणांबरोबर पाळीपाळीने झोपे आणि जेवणासाठी एखाद्या बाईची खानावळ धरी. तेथे मासळी-मटण शिजत असल्याने आपल्या वाचकांपैकी फारसे कोणी त्या पंगतीला बसले नसतील. परंतु ताटात काय होते यापेक्षा ताटाचा हिशेब कसा चाले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

कामगार महिनाभर जेवे आणि पगार झाला की पैसे देई. म्हणजे खानावळवालीने त्याला महिनाभराची उधारी दिलेली असे. तिला मात्र तांदूळ, डाळ, रॉकेल रोज लागे. ते उधारीवर किंवा सावकाराकडून पैसे घेऊन आणावे लागे, आणि त्याचे व्याज नफा खाऊन टाकी. व्यापारी भाषेत बोलायचे तर तिचा प्रश्न खेळत्या भांडवलाचा होता. धंदा चालता होता, गिऱ्हाईक बांधलेले होते, तारण तेवढे नव्हते.

बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली झाले. १९७२ साली दुर्बल घटकांना ४ टक्के व्याजाने कर्ज देणारी योजना आली. तरी परळच्या चाळीतील बाई आपण होऊन बँकेची पायरी चढणार नव्हती. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. बायका गट करून एकमेकींची हमी घेत. बचत गट हा शब्द महाराष्ट्रात रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. पुढे प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. तथापि आमच्या बँक प्रशिक्षणाच्या पुस्तकांत या प्रयोगाला दोन ओळीही नव्हत्या, याचे मला आजही नवल वाटते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, म्हणजे खानावळीची वसुलीही थांबली. अनेक जण गावी परतले ते कायमचेच. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा पुनर्विकास शक्य केला आणि २००१च्या दुरुस्तीने मालकांचा वाटा वाढवला. त्यानंतरचे लोअर परळ आपण पाहतोच आहोत. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलमधील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा बळी गेला, तेव्हा ही जागा मुळात कशासाठी बांधली होती याची थोडीफार चर्चा झाली.

नवी उपाहारगृहे वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. तेथे स्वच्छता आहे, प्रादेशिक पदार्थांचा अभ्यास आहे. कांदा-लसूण नको म्हटल्यास कोणी नाक मुरडत नाही, ही सोय आमच्या पिढीला नव्हती. बिल मात्र वाचून घ्यावे. जीएसटी द्यावाच लागतो; पण सेवा शुल्क आपोआप बिलात लावता येणार नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी स्पष्ट केले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. ती रक्कम वगळण्यास सांगण्यात कोणताही कमीपणा नाही.

खानावळीच्या बिलाचा कागद कोठे असण्याची शक्यता नाही. तो हिशेब बाईच्या डोक्यात किंवा एखाद्या वहीत असे. आपल्या गावात अशी उधारी खाऊन दिवस काढलेले कोणी असतील, तर त्यांच्याकडून महिन्याचा दर, बाईचे नाव, चाळीचा पत्ता लिहून घ्यावा. संपाच्या वेळी तिशीत असलेली ती माणसे आता सत्तरीपलीकडे गेली आहेत.